पंखा लावा ना, सर!

"ओ सर, तो पंखा लावा ना! पोरी उकडून मरून राहिल्या!"

कबड्डीच्या स्पर्धेत एखादी मुलगी वजनकाट्यावर चढली, की आमच्या संघाची कप्तान, आम्हा सगळ्यांची ताई, नेमकी तेव्हा ओरडायची. तुम्ही तो प्रकार पाहिला असेल. शाळेच्या व्हरांड्यात काटा, मुली ओळीने उभ्या, आणि पंच आकडा असा खणखणीत पुकारतात, की फाटकावरच्या चहावाल्यालाही कळावा. ठरल्यापेक्षा वजन जास्त भरलं की खेळू देत नाहीत. व्हरांड्यात पंखा असो-नसो, ताई ओरडायचीच. एकदा तर भर थंडीत ओरडली. पंच वैतागून वर बघायचे, मुली हसायच्या आणि आकडा त्या हसण्यात बुडून जायचा.

माझा नंबर आला की तिचा आवाज जरा जास्तच चढायचा. अमरावतीला संघाच्या सरावाच्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा नववीत होते, आणि माझ्या वयाच्या मुलींमध्ये सगळ्यांत जाड. हाफ पँटची लाज वाटायची म्हणून मे महिन्यातही ट्रॅक पँट घालून खेळायचे. ताईने मला बाजूला घेतलं.

"कावून वं, थंडी वाजून राहिली काय तुले?"

"माझ्या मांड्या..." एवढंच बोलले आणि रडू फुटलं.

"मांडी हाये म्हणून पकड हाये," ती म्हणाली. "पळाचं काम त्या बारीक पोरीचं. तुले थांबवाचं हाये."

आणि स्वतःच्या मांडीवर तिने अशी थाप मारली, की मैदानाच्या कडेला झोपलेलं कुत्रं उठून गेलं. ती उजव्या कोपऱ्यात उभी राहायची, चांगली भरभक्कम. तिच्या हाती घोटा लागला की चढाईला आलेली मुलगी परत जायची नाही. ते एक वाक्य तिने मला इतकं ऐकवलं, की एका सकाळी मी हाफ पँट घालून सरावाला आले. कुणी बघितलंसुद्धा नाही.

ताईचं स्वतःचं वजन मात्र आम्हाला कधी कळलं नाही. ती सगळ्यांत शेवटी काट्यावर चढायची. कप्तान आहे, मोठी आहे, म्हणून शेवटी, असं आम्ही धरून चाललो होतो. तोवर आम्ही समोशांच्या गाडीवर पोचलेल्या असायचो.

मग कुणीतरी आमच्या एका सामन्याचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. ताईची पकड त्यात फार सुंदर होती. खाली कुणी लिहिलं होतं, 'खेळाडू आहे की पहिलवान?' त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग. त्याच सुमाराला नांदगाव खंडेश्वरची एक सडपातळ मुलगी संघात आली. ताई तिला मनापासून शिकवायची, पण सराव संपला की तिच्याकडे बघत बसायची.

"कशी दिसते वं ते. खेळाडू वाटते."

मी म्हटलं, "मांडी हाये म्हणून पकड हाये."

"ते तुह्यासाठी हाये," ती म्हणाली आणि हसली.

अकोल्याच्या स्पर्धेला निघालो तेव्हा बसमध्ये तिने डबा माझ्याकडे सरकवला. "पोट भरलं माहं." पाण्याची बाटली उघडायची, ओठ ओले करायची, पुन्हा बंद करायची. वजनात बसायला अशी उपासमार बरेच जण करतात, म्हणून आम्हालाही त्यात विशेष वाटलं नाही.

मैदानावर पोचताच तिने विचारलं, "काटा कुठी हाये?"

संयोजक हसले. "काटा-गिटा काही नाही ना ताई. खुली स्पर्धा हाये, बिनधास्त खेळा."

दर वेळी वजन होतंच, मग या वेळी होणार की नाही हे कोण विचारणार? आम्ही सगळ्या हसलो. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली आणि नळाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायली.

सामन्यात तिने एक घोटा धरला, आणि तो सुटला. तिच्या हातून घोटा सुटताना मी पहिल्यांदा बघत होते. पुढच्या पकडीला पायात गोळा आला, ती वेडीवाकडी पडली आणि गुडघा गेला. उचलून नेताना म्हणत होती, "अंगात जोरच नोता वं. जोरच नोता."

गुडघा पुढे सुधारला, पण ती मैदानात परतली नाही. लग्न होऊन अचलपूरला गेली. कुठल्या तरी परक्या माणसांच्या हसऱ्या तोंडांपायी एवढी ताकदीची बाई स्वतःला उपाशी मारत होती, याची हळहळ मला अजून वाटते. मला सावरलं तिने, तिला सावरायला कुणी नव्हतं.

आता मी मुलींना शिकवते. मागच्या हिवाळ्यात ती अमरावतीला आमची स्पर्धा बघायला आली. वजनं झाली, मुली पांगल्या. ताई रिकाम्या काट्यापाशी रेंगाळली. चप्पल काढून तिने एक पाय काट्यावर ठेवला. पंच कागद आवरता आवरता थांबले आणि काट्याकडे बघू लागले.

मी घसा ताणून ओरडले, "ओ सर, तो पंखा लावा ना!"

ताई खळखळून हसली, अगदी पूर्वीसारखी. पण पाय तिने मागे घेतला.

"जातो वं," चप्पल घालत ती म्हणाली. "बस चुकंन माही."

अचलपूरच्या बसगाड्या दिवसभर चालू असतात, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.