बाईंच्या लेकीच्या तोंडातले फोड

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर पेन हातात आलं ते सहीपुरतंच. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण चुकून कुणी वाचलीच तर आधीच माफी मागून ठेवते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

चौलात आमचं घर वाडीच्या कडेला आहे. हे उरणला ट्रकवर असतात. माझी मुलं शिकायला बाहेर. घरी मी आणि सासूबाई. नोकरी करणाऱ्या बायकांची तीन मुलं मी दिवसभर सांभाळायची. त्यातली एक शाळेतल्या बाईंची मुलगी, अडीच वर्षांची. मला काकी म्हणायची.

गणपती होऊन गेले होते. पाऊस थांबून ऊन कडक पडलं होतं. त्या सकाळी बाई मुलीला सोडायला आल्या तेव्हा घाईत होत्या. त्यांना अलिबागला ट्रेनिंग होतं. म्हणाल्या, "काकू, रात्री जरा अंग गरम होतं हिचं. औषध दिलंय. सकाळी शू करून दूध प्यायलीय. बघा हं."

मी मान हलवली.

दहाच्या सुमाराला ती पेज नको म्हणाली. हात धुताना मला तिच्या तळव्यावर लाल ठिपके दिसले. पायांच्या तळव्यांवरही होते. बाकीची दोन मुलं शेजारीच खेळत होती. मला वाटलं, उन्हानं पित्त उठलंय. आमच्याकडे अंगावर पित्त उठलं की एकच औषध, कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घालून ठेवलेला आंबट रस. थोडं अंगाला चोळायचं, थोडं पाण्यात घालून पाजायचं. माझ्या मुलांना मी तसंच केलं होतं. मी बरणी काढली, तिच्या हातापायाला आगळ लावलं आणि छोट्या पेल्यात पाणी घालून तिच्या तोंडाला लावलं.

तिनं एक घोट घेतला आणि अशी किंचाळली की बाहेरची कोंबडी उडून गेली. पेला फेकला. दोन्ही हातांनी तोंड धरून जमिनीवर लोळायला लागली. मी घाबरून तिचं तोंड उघडून पाहिलं. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरे फोड होते. मी आधी बघायला हवं होतं. आगळात मीठ किती असतं ते मलाच ठाऊक.

त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. पाणी दिलं, दूध दिलं, शहाळं फोडलं. वाटी दिसली की मान फिरवायची. हुंदके देत म्हणायची, "काकी नको."

सासूबाई पडवीतून उठून आल्या. त्यांनी तळवे पाहिले आणि हात जोडले.

"पित्त न्हाय गं ते. देवी हाय. पाला आण लिंबाचा. फोडणी टाकू नको आज. आन् पोरीला उंबऱ्याच्या भायेर काढू नको, आई कोपते."

"तिच्या आईला फोन करते."

"कर. पन भायेर काढू नको सांगितलं."

बाईंचा फोन बंद होता. मी चुलीवरची फोडणीची कढई उतरवली. कडुलिंबाचा पाला आणून दाराला लावला. हे लिहिताना लाज वाटते, पण दुपारपर्यंत मी त्यांचं ऐकलं. देवीचं नाव घेतलं की मला पुढं बोलता येत नाही.

बारा वाजले, एक वाजला. मी तिची चड्डी दर थोड्या वेळानं चाचपायची. कोरडी. ओठ सुकले होते. रडताना डोळ्यांत पाणी येत नव्हतं. मग ती रडायचीही थांबली आणि माझ्या खांद्यावर गळून पडली. बाईंचा फोन बंदच.

मी पदर खोचला.

"कुठं निघालीस?"

"रेवदंड्याला. डॉक्टरकडे."

"आन् वाटेत काय झालं म्हंजे? परक्याची पोर हाय ती!"

"म्हणूनच जाते. त्या दोघांकडे बघा."

लग्नानंतर मी त्यांना उलट उत्तर दिलं ते तेवढंच. तिला घेऊन मी रिक्षात बसले. डॉक्टरांकडे मी एकटी कधी गेलेच नव्हते. नेहमी हे बोलायचे आणि मी मागं उभी राहायची.

रेवदंड्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हात, पाय, कुल्ले पाहिले. बॅटरी लावून तोंड पाहिलं.

"हँड-फूट-माऊथ आहे. लहान मुलांत फार पसरतंय सध्या. आठ-दहा दिवसांत आपोआप बरं होतं. शेवटची शू कधी केली?"

"सकाळी. तिच्या घरी."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते.

"काही पीत का नाही? घरी काय दिलं होतं?"

माझ्या मागं बाकावर पाच-सहा माणसं बसली होती. मी खाली बघत राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं.

"कोकमाचं आगळ," मी म्हटलं. "पित्त समजून."

"कोकमानं हा आजार होत नाही. पण फोडांवर मीठ आणि आंबट! तुम्ही तरी तोंड उघडाल का परत?" त्यांनी तिला दुखण्याचं औषध तोंडाच्या कडेनं घातलं. "अर्ध्या तासानं दुखणं थोडं कमी होईल. मग गार पाणी आणि ही पावडर. चमचा चमचा, दर दोन मिनिटांनी. चारपर्यंत शू झाली नाही तर अलिबागला न्या, सलाइन लावावं लागेल."

तिला मांडीवर घेऊन मी बाकाच्या टोकाला बसले. एका हातात चमचा, एका हातात पेला. ती पेल्याकडे बघूनच हुंदका द्यायची.

"आंबट," ती म्हणाली.

"नाही गं. पाणी आहे."

"काकी आंबट."

तिचं बरोबरच होतं. सकाळी मीच पाणी म्हणून दिलं होतं. मग मी कंपाउंडरकडे दुसरा पेला मागितला. त्यात माझ्यासाठी थोडं ओतलं, तिच्या समोर प्यायले आणि तोंड उघडून दाखवलं. ती बघत राहिली. सगळा दवाखाना बघत होता. पुन्हा प्यायले. तिसऱ्या वेळी तिनं ओठ उघडले. अर्धा चमचा गेला, अर्धा गळ्यावर सांडला. ती रडली नाही.

असं मी एक घोट आणि ती एक चमचा. समोरचे म्हातारे आजोबा म्हणाले, "पोरीपेक्षा तुमीच जास्त प्यायलात की." मला एरवी मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. तेव्हा ऐकूच आलं नाही. मी घड्याळ बघत होते. सव्वातीन, साडेतीन, पावणेचार. चड्डी कोरडी.

तेवढ्यात बाई आल्या. फोन सुरू केल्यावर त्यांना माझे अकरा कॉल दिसले होते, आणि सासूबाईंनी घरचा फोन उचलून दवाखाना सांगितला होता. बाईंनी आल्या आल्या मुलीच्या कपाळाला हात लावला. डॉक्टरांशी बोलून बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तोंडात फोड असताना आगळ, काकू? एकदा बघायचं तरी! तुमच्या भरवशावर मी ठेवते हिला, आणि तुम्ही..."

त्या बोलत होत्या आणि माझ्या मांडीला ऊन ऊन लागलं. आधी कळेना काय आहे. मग साडीतून जमिनीवर ठिपकलं.

"झाली," मी म्हटलं. "बाई, झाली!"

बाई बोलता बोलता थांबल्या आणि मटकन माझ्या शेजारी बसल्या. रडत होत्या की हसत होत्या ते सांगता येणार नाही. आजोबा म्हणाले, "आता पेढे वाटा." डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "पुसायला सांगते. आणि बाकीच्या मुलांच्या घरी आजच कळवा. दहा-बारा दिवस कुणाला घेऊ नका. खेळणी साबणानं धुवा, हातही."

शू झाली, पण हे कळवायचं राहिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "देवीचं बोंबलत फिरू नये." मी संध्याकाळी दोन्ही घरी गेले. पहिल्या घरी मुलाच्या आईनं शांतपणे ऐकून घेतलं. दुसरीकडे, बँकेतल्या ताईंच्या दारात, मला उभंच ठेवलं.

"महिन्याचे पैसे आधी घेतलेत. आता मी रजा काढायची? सकाळी ठिपके दिसले तेव्हाच का नाही सांगितलंत?"

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलालाही फोड आले.

मी म्हटलं, बंद दिवसांचे पैसे परत करीन. पण ते पडवीच्या पत्र्यांना गेले होते. यांना सांगितलं तर म्हणाले, पोरांच्या दुखण्याचे पैसे कोण परत देतं? मी देणार होते. मी न बघता पाजलं होतं आणि दुपारपर्यंत गप्प राहिले होते.

बाराव्या दिवशी पडवीत एकच मूल आलं, बाईंची मुलगी. तिच्या बोटांची नखं पुढं सोलून निघाली तेव्हा मी पुन्हा घाबरले, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं, नवी येतील. पहिल्या घरचा मुलगा दिवाळीनंतर आला. बँकेतल्या ताईंचा आला नाही.

दुपारी मुलं झोपली की मी वाडीवाल्यांची सुपारी सोलायची. पहिले पैसे बँकेतल्या ताईंना दिले. त्यांनी दार पूर्ण उघडलं नाही, पण घेतले. मग पहिल्या घरी. शाळेतल्या बाई दर वेळी नको म्हणायच्या. शेवटी पौषात एका सकाळी त्या मुलीला सोडायला आल्या तेव्हा मी नोटा त्यांच्या हातात ठेवल्या आणि मूठ मिटवली.

"काकू, कशाला?"

"मोजून घ्या," मी म्हटलं.

त्यांनी मोजल्या. पुऱ्या होत्या. आता कुणाचंच काही राहिलं नव्हतं.