बसायला नको

धोंडिबाचा आवाज रस्त्यापल्याडच्या पेट्रोल पंपापर्यंत पोचतो, असं वस्तीत म्हणत. चौदा एप्रिलच्या जयंतीला गायन पार्टीचं पहिलं गाणं त्याचंच. त्याने तोंड उघडलं की पेटीवाला अंग सावरून बसे.

एरवी तो वाळूजच्या एका गिरणीत दगड दळायचा. बॅराइट नावाचा हा दगड भलताच जड. त्याची पावडर चिखलात कालवून तेलविहीर खोदताना आत सोडतात. त्या वजनाने जमिनीखालचा दाब आवरतो.

होळीच्या सुमाराला तेलविहिरीवरून तक्रार आली. माल भरड होता. चिखल जरा थांबला की पावडर तळाला बसे आणि खोदणारं यंत्र तिच्यात रुते.

"बारीक करा!" सुपरवायझर राजकुमार ओरडला. "बसायला नको!"

बारीक केली, तर इतकी की चिखल खिरीसारखा घट्ट झाला. पुन्हा तक्रार. मग भरड-बारीक यांचा मेळ बसवणं सुरू झालं. भरड पावडर पायाशी तरी पडायची. ही बारीक मात्र हवेतच तरंगे आणि तोंडावरच्या फडक्यातून आत शिरे.

"आज कोणत्या नाटकात भूत झालात?" पांढराफटक नवरा दारात पाहून रूपा हसायची.

"पगारी भूत हाय मी," तो खोकत म्हणे.

तालमीत वरचा सूर लागेना. रूपाचं हसणं थांबलं.

"जयंती तोंडावर आली. सुट्टी तरी घ्या की."

"मागितली. सुपरवायझर म्हणला, माल बसायचा थांबला की घे."

माल बसायचा थांबला. गिरणीत पेढे वाटले. मालकाने धोंडिबाच्या खांद्यावर शाल टाकली. "आपला माल आता बसत नाही! चला गायक, दोन ओळी होऊन जाऊ द्या!"

धोंडिबाने तोंड उघडलं. फाटक्या भात्यातून यावी तशी नुसती हवा आली. लोकांना वाटलं, गडी भारावला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

जयंतीला पहिलं गाणं रूपाने घेतलं. धोंडिबा मागे, कोरसात.

"मामा, तुमी मागं?" ढोलकीवरच्या सुदर्शनने विचारलं.

"आवाज बसला."

"उठंल की!"

"न्हाय रे," धोंडिबा घोगरं कुजबुजला. "तिथं मालाला बसू दिलं न्हाय. मंग ह्यो बसला."

धृपद आलं. सगळ्यांबरोबर त्यानेही ओठ हलवले.