धाकटीची उंदरं

उंदराच्या जातीवर एकाच जन्मात इतकी माया आणि इतका दावा धरलेली बाई माझ्या धाकट्या जावेशिवाय अख्ख्या कोल्हापुरात दुसरी झाली नाही, आणि होणारही नाही. घरात माळ्यावर नुसती खुडबुड झाली तरी ती पदर खोचून, हातात बत्ता घेऊन शिडी चढायची. शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीत तिच्या तावडीतून सुटलेला उंदीर मी पाहिला नाही. आणि हीच बाई तासाभराने न्हाऊन-धुऊन स्कूटरला किक मारायची ती थेट शिरोली एमआयडीसीत, फाउंड्र्यांच्या मागे एका लसवाल्या कंपनीची प्रयोगशाळा होती तिथे, दोनशे उंदरांची बाळंतपणं करायला. गल्लीतल्या बायका मला अडवून विचारायच्या, "तुमची जाऊ नक्की उंदरं मारती का पाळती?" मी तोंड वाकडं करून म्हणायची, "तिचं तिलाच ठावं!" खरं तर मला सगळं ठाऊक होतं. मीसुद्धा बी.एस्सी. होते, तेही झूलॉजी, तेही पहिल्या वर्गात. झुरळ कुठून चिरलं की त्याचा कोणता अवयव दिसतो हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण लग्नानंतर अठरा वर्षांत मला कळलं होतं ते एवढंच, की संसारात झुरळ चिरायचं नसतं, चपलेनं मारायचं असतं. अशा घरात नव्वदच्या दशकात धाकट्या दिरांनी ही बायको करून आणली. कोडोलीच्या शेतकऱ्याची पोर, पुण्यात शिकलेली, दोन वर्षं परदेशात राहिलेली, आणि एवढं होऊनही "मी येतो हं अक्का, मी जातो हं अक्का" असं अस्सल आमच्यासारखंच बोलणारी. निदान इंग्रजी तरी फाडायचं! नावं ठेवायला तेवढीच सोय झाली असती.

तिचा घरच्या उंदरांवर दात का होता, ते आधी सांगते. तिच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगातून एक जीन मुद्दाम काढून टाकलेला होता. त्यामुळे रोगाशी झुंजायची ताकदच त्यांच्यात नव्हती. आपल्याला शिंकसुद्धा येणार नाही असल्या जंतूनं ती पटापट मरायची. घरच्या उंदराची घाण हिच्या साडीला लागून तिकडे गेली, की खोलीची खोली आडवी. म्हणून ती सकाळी घरी एक आंघोळ करायची, तिथं पोचल्यावर दुसरी. कोपरापर्यंत हात घासायची ते भांडं घासावं तसे. कपडे वेगळे, टोपी वेगळी, चपला तर वेगळ्याच. उंदरांचं खाणं, पाणी, अंथरायचा भुसा, सगळं मोठ्या कुकरसारख्या यंत्रात शिजवून निर्जंतुक केल्याशिवाय आत जायचं नाही. माझा पदर माळ्याच्या शिडीला लागला तर ही जेवताना दोन पाट लांब सरकायची. "अक्का, रागावू नका, पण आज तुमी लांबच बसा."

आता आमच्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, सीमाभागातल्या. सोवळ्याला त्या 'मडी' म्हणायच्या आणि मडीच्या बाबतीत देवालाही सूट द्यायच्या नाहीत. अठरा वर्षं मी त्यांच्यासाठी थंडीत गार पाण्यानं आंघोळी केल्या, ओलेत्यानं नैवेद्य केला, तरी "बरं झालंय" यापुढं त्यांची जीभ गेली नव्हती. आणि ही उंदरांची दाई आली काय, महिन्याभरात आत्याबाई आल्यागेल्याला सांगायला लागल्या, "मडी म्हंजे धाकटीची! थोरली नुसता डोक्यावर तांब्या उपडा करती." माझ्या अंगाचा जो भडका उडाला, त्यावर घरातली भाकरी भाजली असती. देवासाठी पाळलेलं सोवळं दुसऱ्या नंबरावर आणि उंदरासाठी पाळलेलं पहिल्या!

मग मी तिचं काहीतरी वावगं शोधायला लागले. शोधायला कशाला लागतंय, बाई वावग्यानं भरलेली होती. उंदीर ओळखू यावेत म्हणून तिकडे त्यांच्या कानांना खाचा पाडतात. त्यामुळे हिला माणसाचे आधी कान दिसायचे, मग तोंड. "ते मोठ्या पाळीचं पावणं आलतं," असा निरोप द्यायची. लग्नात गेली की कुठलंही पोर धरून "ह्याचा आजा कोण? आजी कुठली? तिची आई?" असं चार पिढ्या मागं जायची. बायकांना वाटायचं ही स्थळं जमवते. तिघी-चौघींनी तर लेकींच्या पत्रिका आणून दिल्या! एकदा मला कळलं की ती तिकडे सख्ख्या भावाबहिणीची जोडी लावते. मी आनंदानं धावत जाऊन आत्याबाईंच्या कानाला लागले. वाटलं, आता हिचं सोवळं बुडतंय. आत्याबाई वाती वळता वळता म्हणाल्या, "जनावराला कुठलं आलंय नातं? गोठ्यात कधी गेलीस न्हाईस वाटतं?"

एकदा जेवताना आत्याबाईंनीच तिला विचारलं, की जीन काढून टाकून मिळतं तरी काय. ही भाताचा घास हातात धरून म्हणाली, "समजा आत्याबाई, ह्या घरातलं एक माणूस काढलं. मग बघायचं काय काय अडतंय. सकाळी चहाच झाला न्हाई, तर समजायचं ते माणूस चहा करत हुतं. तसंच हाय. एक जीन काढायचा आणि कुठला रोग उंदराला परतवता येत न्हाई ते बघायचं. मग त्या जीनचं काम कळतंय." मला ते इतकं पटलं की दुसऱ्याच दिवशी मी स्वतःला घरातून काढलं. आई आजारी आहे असं खोटं सांगून गडहिंग्लजला माहेरी जाऊन बसले. आठ दिवस रोज फोनची वाट पाहिली. फोन नाही. नवव्या दिवशी परत आले तर आमटी उकळत होती, आमच्या ह्यांच्या शर्टाला इस्त्री होती, देवापुढं ताजी फुलं होती. "काय अडलं का गं?" मी विचारलं. "न्हाई की!" ही म्हणाली, आणि माझं तोंड बघून तिला कीव आली असावी. "होतंय असं अक्का कधीकधी. जीन काढतो, तरी उंदीर ठणठणीत. दुसराच कुठला तरी जीन त्याचं काम उचलतो." मी त्या दिवशी तिच्या ताटात मुद्दाम करपलेली भाकरी वाढली. तिनं आणखी एक मागून घेऊन खाल्ली. तिला करपलेली आवडायची!

तिचं एक मोठं काम चाललं होतं. परदेशातून आलेली उंदरांची जोडी मिश्र वाणाची होती. तिचं पोर शुद्ध वाणाला द्यायचं, त्याचं पोर पुन्हा शुद्ध वाणाला, असं दहा पिढ्या करत जायचं. म्हणजे शेवटी बाकी सगळं शुद्ध वाणाचं आणि फक्त तो एक जीन तेवढा नाही, असा उंदीर हाती येतो. त्याला तिची तीन वर्षं गेली होती. कंपनीच्या साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, वाण तयार झाला तर प्रयोगशाळा कोल्हापुरात राहील, नाहीतर बंद. मग तिला हैदराबादला जावं लागेल. घरात सगळे देवाला साकडं घालत होते. मीही घालत होते. फक्त माझं साकडं उलटं होतं.

आणि दहावी पिढी झाली. त्यातून हव्या तशा माद्या निघाल्या, त्यातली एक गाभण राहिली. तिची पोरं ज्या आठवड्यात कंपनीच्या साहेबांना दाखवायची, नेमकं त्याच्या आधी धाकटीला सर्दी झाली. सर्दी झालेल्या माणसानं आत जायचं नाही हा तिचाच नियम. उंदरांचं बघणारा शिपाईमामा ऊस तोडायला गावी गेलेला. ती नाकाला रुमाल लावून दारातूनच मला म्हणाली, "अक्का, तीन दिस तुमी जाता का? तुमी झूलॉजीवाल्या. तुमचा हात हलका हाय, मी बघितलाय." एकवीस वर्षांत त्या घरात माझ्या पदवीचं नाव कुणी काढलं नव्हतं. काढलं ते हिनं! तिचा मला इतका राग आला, की मी लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी सगळं सांगितल्यासारखं केलं. आंघोळ, टोपी, कपडे. पाण्याच्या बाटल्या बदलल्या, खोलीचं तापमान वहीत लिहिलं, झाकण उघडलं नाही. उंदरीण त्याच पहाटे व्यालेली. शेंगदाण्याएवढी आठ पोरं, गुलाबी, आंधळी, एकमेकांवर लोळणारी. आणि ती बाळंतीण बिचारी काय खात होती? लाकडासारखी कोरडी, तपकिरी कांडी! मी दोन बाळंतपणं काढलेली बाई. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मी घरच्या डब्यातला डिंक-मेथीचा लाडू टोपीच्या घडीत लपवून आत नेला, झाकण चार बोटं उचललं आणि नखाएवढा तुकडा आत सोडला. तिनं दोन्ही हातांत धरून तो इतका नीट खाल्ला, की मी हरखूनच गेले. त्या क्षणी माझ्या मनात दयेपेक्षा दुसरंच काही होतं, खोटं कशाला बोलू? धाकटीकडं तीन वर्षं हिच्या दहा पिढ्यांनी कांड्याच खाल्ल्या, हिनं माझ्या हातचा लाडू खाल्ला! तिसऱ्या दिवशी मी पुन्हा दिला. जरा मोठा दिला.

शिजवल्याशिवाय तिथं भुसासुद्धा आत जात नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज कानीकपाळी ऐकत होते. पण लाडू म्हणजे लाडू. आमच्या घरचा लाडू कुणाला बाधेल, हे माझ्या डोक्यातच बसत नव्हतं. जीवशास्त्राचा पहिला वर्ग एकीकडे, आणि बाळंतिणीला लाडू न देण्याचं पाप एकीकडे.

सहाव्या दिवशी उंदरीण गेली. मग पोरं. मग शेजारचे चार पिंजरे. पुन्हा सगळं उभं करता आलं असतं, पण त्याला सहा महिने लागले असते आणि साहेबांना तेवढा दम नव्हता.

धाकटी त्या दिवशी दुपारीच घरी आली. सरळ स्वयंपाकघरात गेली, फळीवरचा लाडवाचा डबा काढला, झाकण उघडून वास घेतला आणि झाकण लावून डबा जागेवर ठेवला. मी दाराशी उभी. पिंजऱ्यातल्या भुशात तिला लाडवाचा कण सापडला असणार, हे मला तेव्हाच कळलं. तिनं माझ्याकडं बघितलं. आता ही बोलणार, आत्याबाईंना हाक मारणार, माझ्या एकवीस वर्षांची राख होणार. ती खाली बसली आणि म्हणाली, "अक्का, सकाळपासनं काय खाल्लं न्हाई. वाढता का जरा?" मी वाढलं. भाकरी करपली नव्हती, म्हणून तिनं दोन घासच खाल्ले. पुढं दिरांकडून कळलं, की चौकशीत तिनं 'चूक माझी' एवढंच लिहून दिलं.

महिन्याभरात दोघं हैदराबादला गेली. माझं साकडं पुरं झालं. घर माझं, आत्याबाई माझ्या, मडी माझी. आता म्हातारी रोज मला नावं ठेवेल आणि मला बरं वाटेल, असं मी धरून चालले होते. तर त्या बोलेनातच. मी मुद्दाम एक दिवस आंघोळ न करता देवघरात गेले. आत्याबाईंनी बघितलं, आणि खिडकीकडं तोंड करून जपमाळ ओढत बसल्या.

पुढं काही वर्षांनी माझी लेक कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकायला लागली आणि सुट्टीत महिनाभर काकूकडं कामाला गेली. काकूच्या हाताखाली तेव्हा वीस माणसं होती. परत आली ती हसतच. "आई, तिथं पहिल्या दिवशी काकू सगळ्यांना एक गोष्ट सांगते. घरचं काही आत न्यायचं नाही, का, तर ती एकदा स्वतः कोल्हापुरात बाळंतीण उंदरिणीला मेथीचा लाडू घेऊन गेली होती! आणि तीन वर्षांचं काम घालवलं. काकू! विश्वास बसतो का तुझा?"

मी "असेल बाई" म्हटलं, आणि पोर झोपायला गेली तशी फोन लावला.

"लाडू माझा होता," मी म्हटलं.

"ठावं हाय की."

"मग पोरांना स्वतःच्या नावावर कशाला सांगतीस?"

"पिंजरा माझा हुता, अक्का. तुमाला आत मीच सोडलं." आणि वर म्हणाली, "आणि एक सांगू का? मेथी जरा जास्तच झालती."

फोन ठेवला आणि माझ्या अंगाचा तोच जुना भडका उडाला. विज्ञानात माझ्या हातून घडलेली आयुष्यातली एकमेव गोष्ट, वीस-वीस जणांना दरवर्षी सांगण्यासारखी, तीसुद्धा हिनं आपल्या नावावर करून घेतली! आणि मेथी जास्त? माझ्या लाडवात? समोर असती तर डबा तिच्यापुढं आपटला असता आणि म्हटलं असतं, खा आणि मग बोल. दुसऱ्या दिवशी दुपारभर मी स्वयंपाकघरात तिला एकेक उत्तर देत होते, चांगलं मोठ्यानं, हातवारे करून. बाहेरून आत्याबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं, थोरले?"

मी दारात येऊन म्हटलं, "कुणी न्हाई, आत्याबाई."