वणव्याच्या पथकातली प्रणिता

कंत्राटदार बदलला आणि रोह्याच्या कारखान्यातलं प्रणिताचं पॅकिंगचं काम सुटलं. घरी बसण्यापेक्षा बरं म्हणून तिने वणवा विझवण्याच्या प्रशिक्षणाला नाव दिलं. सासूबाईंना, गिरजाबाईंना, ते काही पटलं नाही.

"डोंगर काय आजच जळतोय? त्याला ट्रेनिंग कशाला लागतंय गो?"

नवरा रितेश मात्र सकाळी तिला मोटरसायकलवरून रोह्याला सोडून यायचा. वाऱ्याचा रोख ओळखायला, आग पुढे सरकू नये म्हणून गवत कापून जाळरेषा काढायला, पाला उडवणारा जड ब्लोअर पाठीवर घेऊन चढायला ती तिथे शिकली. पुढे पथकात हंगामी काम मिळालं. हंगाम संपल्यावर ठेवतील का, हे कोणीच सांगत नव्हतं.

फाल्गुनात एका दुपारी त्यांच्याच गावामागचा डोंगर पेटला. पथक पोचलं तर पायथ्याशी ही गर्दी. गिरजाबाई वर लाकडांना गेल्या होत्या! धुरातून त्यांची हिरवी साडी दिसत होती. त्या चढावर पळत होत्या, आणि खालचे लोकही "वर पळा, वर!" असंच ओरडत होते.

प्रणिताने बाटलीतल्या पाण्याने टॉवेल ओला करून खांद्यावर टाकला. चढावर आग माणसाला गाठते, हे ती शिकली होती. पथकातल्या निकेशने ब्लोअरने कडेचं पेटतं गवत मागे सारलं आणि ती आगीच्या कडेने, जळून काळ्या झालेल्या भागातून वर धावली.

"आई, थांबा! वर नको, माझ्याकडं या!"

"तिकडं सगळं जळलंय गो!"

"जळलंय म्हणूनच या. तिथं पेटायला काय उरलंच नाय!"

तिने ओला टॉवेल सासूच्या तोंडावर धरला आणि हाताला धरून त्यांना निकेशने मोकळ्या केलेल्या वाटेने काळ्या राखेवर ओढून आणलं. ज्वाळा शेजारून वर निघून गेल्या. दोघी मटकन खाली बसल्या. गिरजाबाई खोकत खोकत तिचे दंड, तोंड, केस चाचपू लागल्या.

"भाजलं नाय ना तुला?"

"नाय, आई. तुम्ही हायत ना, बस."

आणि मग ती हमसून रडली.

आग संध्याकाळी माथ्यावरच्या जाळरेषेला अडली. हंगामानंतर पथकप्रमुखांनी प्रणिताला बोलावलं. वर्षभराचं काम, आणि पावसाळ्यात नव्या बायकांना शिकवायचं. "जमेल?" त्यांनी विचारलं. "जमेल," ती म्हणाली. बाहेर पायरीवर बसून तिने घट्ट बूट काढले आणि पायाची बोटं मोकळी केली.