बुचं कुणी घेत नाही

माझी मुलगी रायपुरातल्या एका हॉटेलात वाइनची खरेदी बघते. मी रेल्वेतून रिटायर झालेला, आयुष्यात दारूला शिवलो नाही. पण त्या आठवड्यात आमच्या घरी दुसरा विषयच नव्हता. कोणत्या झाकणाच्या बाटल्या घेतल्या तर पर्यावरणाचं नुकसान कमी होईल, हे तिला सोमवारी साहेबांपुढे मांडायचं होतं.

ती खोलीतल्या खोलीत येरझारा घालायची. कधी म्हणे, झाडाच्या सालीचं बूच बरं; झाड तोडावं लागत नाही, साल पुन्हा येते. पण ते समुद्रापलीकडून येतं, आणि बूच खराब निघालं की अख्खी बाटली मोरीत. मग फिरकीचं ॲल्युमिनियमचं झाकण. ते वितळवता येतं, पण मुळात बनवायला वीज किती खातं! प्लॅस्टिकच्या बुचाचं नाव काढलं की ती कपाळाला हात लावायची.

"अवं, जेवून तर घे," मी म्हणायचो. "येवढी काहून तळमळून राहिली?"

"पापा, गलत लिख दिया तो सालभर वही आएगा." ती हिंदीतच उत्तर देते.

शनिवारी सकाळी मी स्कूटर काढली. "चाल गुढियारीत. बाटल्या जातात कुठं, ते तरी पाहू."

तिथल्या भंगाराच्या गोदामात एक बाई बाटल्या निवडत बसली होती. मुलीनं सोबत आणलेले तिन्ही झाकणांचे नमुने तिच्यापुढे धरले. "दीदी, इनमें से क्या काम आता है?"

बाईनं फिरकीचं झाकण उचललं. "हव, एला लेथन." हे घेतो, म्हणाली. मग एक बाटली उचलून दाखवली. झाकण निघालं तरी खालची कडी गळ्यातच अडकून राहते, ती चाकूनं काढावी लागते. तिच्या अंगठ्यावर आणि बोटांवर जुन्या-नव्या चिरा होत्या. उरलेली दोन्ही बुचं तिनं बाजूला सारली. "एला कोनो नइ लेवय." ही कुणीच घेत नाही. सालीचं चुलीत जातं, प्लॅस्टिकचं कचऱ्याच्या गाडीत.

 परतताना पंडरीच्या सिग्नलवर मुलगी एकदम म्हणाली, "मैंने उनके हाथ के बारे में कहीं कुछ लिखा ही नहीं."

रविवारी तिनं सगळं नव्यानं लिहिलं: फिरकीची झाकणं घ्या, त्यांना वेगळा डबा ठेवा आणि गळ्यातली कडी हॉटेलातच काढा. सोमवारी साहेबांनी झाकणं आणि डबा दोन्ही मान्य केलं; कडी काढायला माणूस नाही म्हणाले. तेव्हापासून ड्यूटी संपली की ती स्वतःच पक्कड घेऊन बसते. घरी यायला उशीर होतो, मी दाराशी उभा राहतो.

जुन्या साठ्यातली सालीची बुचं अजून निघतात. ती पिशवीत भरून घरी आणते. कुजून खत होईल म्हणून मी ती चिरून कुंड्यांच्या मातीत दाबतो, पण पाणी घातलं की सगळी तरंगून वर येतात. परवा ती कुंडीपाशी उकिडवी बसून बघत राहिली.

"ये तो वहीं के वहीं हैं, पापा," म्हणाली, आणि तिथंच बसून या बुचांचं काय करता येईल ते फोनवर पुन्हा शोधायला लागली.