प्रस्थानाची पिशवी

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टी सांगणाऱ्यातला नाही, आणि ऐकणाऱ्यातला तर मुळीच नाही. परंड्यात कुर्डुवाडी रोडला माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. टेम्पोची बॉडी, उसाच्या ट्रॉल्या, शटर... पंचवीस वर्षं झाली लोखंड कापतोय. गाडी तयार असली तरी अमावस्येला गिऱ्हाईक न्यायला येत नाही. तेव्हा त्याला फोन लावून "का रं बाबा, अमावस्या काय तुझं इंजिन काढून नेणार हाय का?" असं विचारणारा मी माणूस. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव माझी पोरगी अश्विनी वाचायची आणि मी तिला हसायचो. आता मीच लिहितोय, एका बोटानं. चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गोष्ट माझ्या बायकोची आहे, सुनंदाची. मागच्या वर्षी तिचं पोटाचं दुखणं निघालं. सोलापूरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, दोन महिने, फार तर तीन. तिला काय हवं-नको ते विचारा. मी जिन्यात बसून राहिलो बराच वेळ. मग आत जाऊन विचारलं. वाटलं, तुळजापूरला ने म्हणेल. तर म्हणली, "अहो, मला समुद्र दाखवा."

सत्तेचाळीस वर्षांत बाईनं समुद्र पाहिला नव्हता. मीही नव्हता म्हणा. दर दिवाळीत ठरायचं, आणि दर दिवाळीत कुणाची तरी ट्रॉली अर्जंट निघायची. चूक माझीच, दुसऱ्या कुणाची नाही.

पण तिला तासभरही बसवत नव्हतं. मग गाडीच अशी करायची ठरवली की ती झोपून जाईल. शाळेची पोरं नेणारी एक जुनी सतरा सीटर पडून होती, ती घेतली. सगळी सीटं उचकटली, चौकोनी पाइपचा पलंग केला, वर फोम, शेजारी गॅसची छोटी शेगडी, पाण्याची टाकी. अश्विनी पुण्यात नोकरी करते, ती म्हणाली, "पप्पा, याला कॅम्परव्हॅन म्हणतात, लोक यूट्यूबला टाकतात." म्हणलं टाकू दे, आपल्याला फक्त तुझ्या आईला न्यायचंय.

पलंगासाठी सुनंदाला खाली निजवून टेप लावला, तर ती हसून म्हणली, "काय हो, तिरडीचं माप घेताय का?"

मी खवळलो. हातातला टेप फेकला. ती मात्र हसतच होती. "बरं बरं, मोजा. पाच फूट एक इंच. पायाशी थोडी जागा सोडा, मला पाय हलवायला लागतेत."

खिडकी उजव्या बाजूला कापली, मोठी, पलंगाच्या बरोबर उंचीवर. कारण किनाऱ्यानं दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला राहतो. हे तिनंच नकाशात बघून सांगितलं. शंभर पानी वहीत तिनं सगळी सहल लिहून काढली होती. पहिला मुक्काम सांगोल्याच्या पुढं, दुसरा कोल्हापूरला, तिसरा गगनबावड्याला. चौथ्या दिवशी करूळचा घाट उतरून विजयदुर्ग. तिथून देवगड, कुणकेश्वर, मालवण, वेंगुर्ला, रोज थोडं थोडं. चौथ्या दिवसापुढं लिहिलं होतं, 'दुपारपर्यंत समुद्र'. त्याखाली दोन रेघा.

निघायचा दिवस शनिवार धरला होता, कारण शुक्रवारी सोलापूरला जाऊन पोटातलं पाणी काढायचं होतं. पण सुनंदाच्या हिशेबात शनिवार चांगला नव्हता, त्याआधीचा बुधवार चांगला होता. मी म्हणलं, "तुझ्या बुधवारासाठी डॉक्टर पाणी आधी काढणार हाय का?"

"मग प्रस्थान ठेवू," ती म्हणली.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चांगल्या दिवशी निघता येत नसलं, तर त्या दिवशी आपली एखादी वस्तू, सोबत तांदूळ-सुपारी, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडं नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस त्या दिवशीच निघाला असं धरतात. मग सवडीनं जाताना ती वस्तू उचलायची आणि तसंच पुढं जायचं. एकच नियम, ती परत घरात आणायची नाही. आमच्या आईच्या काळात करायचे. सुनंदा सोडून आता कुणी करत असेल असं वाटत नाही.

आमच्या पश्चिमेला पहिलं घर मुलाणी चाचींचं. एकट्याच राहतात, सुनंदाशी तीस वर्षांचा घरोबा. बुधवारी सकाळी सुनंदा भिंत धरत धरत स्वतः गेली. कापडी पिशवीत नवी निळी साडी, नव्या चपला, आणि रुमालात बांधलेले मूठभर तांदूळ न् एक सुपारी. चाचींनी पिशवी आपल्या लोखंडी पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. ती पेटी मीच करून दिलेली आहे, तिला उंदीर शिरायलासुद्धा फट नाही. सुनंदा उंबऱ्यातच टेकली आणि म्हणली, "निघाले बरं का चाची मी."

चाची म्हणल्या, "जा बेटा, खुशाल जा."

मी तिथंच उभा होतो. मनात म्हणलं, काय खेळ लावलाय बायकांनी.

शुक्रवारी पाणी काढलं आणि तिला ताप भरला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. अश्विनी पुण्याहून आली. शनिवारी संध्याकाळी सुनंदा डोळे मिटून पडली होती. एकदम म्हणली, "डाळिंबं लागल्यात बघा झाडाला. कापडं बांधल्यात वरून."

तापात बडबडतीय असं वाटलं. रविवारी म्हणली, गुऱ्हाळाचा वास येतोय. अश्विनीनं वही उघडली आणि माझ्याकडं बघितलं. शनिवारी सांगोला, रविवारी कोल्हापूर. मी म्हणलं, "तिनंच लिहिलंय, पाठ असणारच की." तुम्हीही तेच म्हणाल. त्यात वावगं काहीच नाही.

सोमवारी मात्र ती चिडलेली होती. म्हणली, "करूळचा घाट बंद केलाय म्हणं. दगडं आलीत खाली. भुईबावड्यानं उतरावं लागंल, लई वळणं हायेत." भुईबावडा हे नाव आमच्या वहीत कुठंच नव्हतं. मी तर ऐकलेलंही नव्हतं. अश्विनीनं फोनवर शोधलं... करूळचा घाट त्या सकाळीच बंद केला होता आणि वाहनं भुईबावडा घाटानं सोडत होते. वॉर्डात ना टीव्ही, ना पेपर. सुनंदाचा फोन दवाखान्यातल्या सामानात बंद पडलेला. मी म्हणलं, नर्सा आपसात बोलल्या असतील. अश्विनी म्हणली, "पप्पा, सोलापुरातल्या नर्सा करूळच्या घाटाबद्दल कशाला बोलतील?" मी तिच्यावर ओरडलो. आता वाईट वाटतं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, आता घरी न्या. म्हणजे काय ते आम्हाला कळलं. तिला न्यायच्या आधी घर लावायला मी एकटा परंड्याला निघालो. निघताना तिच्या कपाळावर हात ठेवला. तिचा चेहरा इतका समाधानी मी कधी बघितला नव्हता. म्हणली, "माती बघा की कशी तांबडी लाल! पायाला लागली सगळी. आता जवळच हाय म्हणतेत."

मी तिच्या पायावरची चादर सारखी केली आणि निघालो.

बाराच्या सुमाराला घरी पोचलो. पलंग हलवला, चादरी बदलल्या. दारात ती गाडी उभी, मोठी खिडकी पुसून ठेवलेली. ती बघितली आणि माझं डोकंच फिरलं. कुणावर राग काढावा कळेना. वाटलं, निदान नवी साडी नेसवून तरी हिला घरी आणू. तसाच चाचींकडं गेलो, म्हणलं पिशवी द्या.

चाची दारातच आडव्या झाल्या. "नको भाऊ. सुनंदाची अमानत हाय. ती निघालीय म्हणून सांगून गेली. आता घरात न्हाय न्यायची."

"कुठं निघालीय?" मी ओरडलो. "तिथं खाटंवर पडलीय ती! आता कुठलं जाणं न् कुठलं काय!"

चाचींचे डोळे भरले. पण पिशवी नवऱ्यानं मागितलेली, त्या तरी काय करणार? कुलूप काढून त्यांनी पिशवी हातात दिली. मी ती घरात आणली आणि दाराआडच्या खुंटीला अडकवली. घड्याळात एक वीस झाले होते, हे पक्कं आठवतं, कारण खुंटीच्या वरच घड्याळ आहे.

दोन मिनिटांत अश्विनीचा फोन. रडत होती. चार दिवस जी बाई कूस वळवायला माणूस मागायची, ती ताडकन उठून बसली होती आणि दाराकडं बघून म्हणली, "गाडी का वळवली हो? आवाज याय लागला होता... त्या वळणाच्या पलीकडंच..."

मग पडली. त्यानंतर ती कुणाशी एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी तिला घरी आणलं, पण साडी नेसवायचं माझं धाडस झालं नाही. गुरुवारी सकाळी ती गेली. दोन दिवस तिची नजर, जिच्यामागं पिशवी अडकवली होती, त्या घराच्या दाराकडंच होती.

पिशवी तेराव्यानंतर उघडली. अश्विनी तिचे कपडे वाटायला काढत होती. रुमालातले तांदूळ पांढरेशुभ्र, सुपारी कोरडी. चपलांच्या आतल्या बाजूला किमतीचं लेबल तसंच चिकटलेलं. पण खालचे तळ... तळांना बोटभर लाल माती थापलेली. साडीचा काठ वीतभर लाल.

माझं पहिलं म्हणणं काय असणार? रेड ऑक्साइड. माझ्या दुकानात तोच लाल रंग पत्र्याला मारतात, हाताला असतो, कपड्याला असतो. पण रेड ऑक्साइड थिनरशिवाय निघत नाही. मी ओलं बोट फिरवलं, तर चिखल होऊन बोटाला आला. आमच्याकडची जमीन काळी. परंड्यात कुठंही खणा, असली माती निघायची नाही.

मग मी वेड्यासारखं काय केलं सांगतो. साडी उलगडली आणि वाळू शोधली. काठाच्या घड्या, चपलांच्या शिवणी, पिशवीचे कोपरे. एक कण सापडला नाही. काठ तोंडात धरून चाखला. खारट नव्हता. नुसती माती.

म्हणजे ती समुद्रापर्यंत पोचली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग आता घेऊन जा तिची साडी. गेलो. चार महिन्यांनी, एकटाच, तिच्या वहीप्रमाणं, पिशवी पलंगावर ठेवून. घाट उतरलो आणि माती लाल झाली. विजयदुर्गच्या अलीकडं एका वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं. समुद्र दिसत नव्हता. आवाज मात्र येत होता, संथ, एकसारखा. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. अर्धा किलोमीटर, फार तर एक. तेवढंच राहिलं होतं तिचं.

पुढं जाऊन पाण्यात गुडघाभर उभा राहिलो आणि साडीचा काठ बुडवला. वाटलं होतं काहीतरी होईल. काय होईल, ते मलाही ठाऊक नव्हतं. एक लाट आली आणि काठाची सगळी माती घेऊन गेली. चपलाही धुतल्या गेल्या. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तिच्या वाटेची तेवढीच एक खूण होती, तीपण मीच घालवली. साडी आता दुकानातून आणल्यासारखी कोरी निळी आहे. आधी फोटो काढून ठेवायचं मला न् अश्विनीला, दोघांनाही सुचलं नाही. म्हणून तुम्हाला दाखवायला माझ्याकडं काही नाही, विश्वास ठेवा असंही म्हणत नाही.

कुलूपबंद पेटीत माती कुठून आली, घाट बंद असल्याचं तिला कुणी सांगितलं, मी किती डोकं आपटलं तरी कळत नाही. अश्विनी म्हणती, योगायोग असेल पप्पा, मनाला लावून घेऊ नका. ती माझ्यासाठी तसं म्हणती, हे मला कळतं.

परत आलो तेव्हा चाची दारात बसल्या होत्या. त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. विचारलं, "पोचली का हो भाऊ, सुनंदा?"

पिशवी माझ्या हातात होती. ती घरात न्यावी की त्यांच्या पेटीत ठेवावी हे मला तेव्हा कळलं नाही, आजही कळत नाही. ती गाडीतच आहे, त्या पलंगावर. गाडी दारात उभी आहे. वळवून, तोंड पश्चिमेला करून ठेवलीय.