तुडुमाखालचं पाणी

विधानसभेला उभी राहण्याचं खरं कारण माझ्या पत्रकात नव्हतं. बाकी सगळं होतं. नवऱ्यानं पवनीहून गठ्ठे छापून आणले, वर माझा हात जोडलेला फोटो, आणि खाली मी निवडून आले तर काय काय करीन ते. गावतलावांची दुरुस्ती आणि शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या शेवटच्या खाचरापर्यंत पाणी. खरेदी केंद्रावर धानाचं वेळेवर वजन, म्हणजे पोती उघड्यावर भिजणार नाहीत. बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात हजर असणारी डॉक्टरीण. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांना वाघाची भीती राहू नये म्हणून काहीतरी बंदोबस्त. यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. दिघोरीच्या बाजारात एका भाजीवालीनं विचारलं, "अवं बाई, पक्ष नाही, पैसा नाही, काहून उभी राहून राहिली तू?" तर मी फाडफाड बोलत सुटले. सुरुवात तलावापासून केली. तलाव म्हटला की माझी जीभ जरा जास्तच चालते. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

कारण मी सरपंच होते तेव्हा आमच्या गावचा तलाव मीच बिघडवला.

आमचा तलाव मालगुजारीच्या काळातला. बांधणारे अडाणी नव्हते. तळ उतरता ठेवलेला, आणि पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या पोटात एक दगडी तोंड, तिथून पाणी पाटात सुटतं. त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तळ उतरता असल्यामुळं शेवटचं ओंजळभर पाणीसुद्धा तुडुमाकडेच यायचं. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते पाणकर ठरवतो, आणि गावचे पाणकर होते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांसमोर बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा आणि बाजूला व्हायचं. तेही तिच्याशी बोलत नाहीत. लग्नाला तीस वर्षं झाली, अंगण एकच, पण आमचं कधी एक वाक्य बोलणं नाही. काही सांगायचंच असलं तर ते तुळशीला सांगायचे. "पाहुणे येऊन राहिले म्हणा," असं तुळशीकडं पाहून म्हणायचे, आणि मी आत चहाचं आधण ठेवायची. पुढं मी सरपंच झाले, जिल्ह्याच्या साहेबांशी तावातावानं भांडले, तरी अंगणात पाय ठेवला की पदर डोक्यावर. मला याचा राग यायचा. पण रीत मोडायची हिंमत मला झाली नाही, आणि त्यांनाही झाली नसावी.

तलावातला गाळ काढायची योजना आली, मशीन आलं. गाळ शेतात टाकायला सगळ्यांनाच हवा होता. जितका खोल खोदू तितकं पाणी जास्त, असं माझं साधं गणित. तिसऱ्या दिवशी मी पाळीवर उभी होते. भासरे आले, पळसाच्या झाडाकडं तोंड केलं आणि म्हणाले, "तुडुमाच्या खाली खोदू नका म्हणा. पाणी खड्ड्यातच बसून राहील."

मी ऐकलं. अगदी स्पष्ट ऐकलं. पण सरपंचाला निरोप झाडामार्फत? माझा पारा चढला. सांगायचं तर माझ्या तोंडावर सांगा, असं मनात आलं, आणि मी मशीनवाल्याला हात केला, चालू दे. रागानं केलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या वर्षी पाऊस लवकर गेला. लोंबीत दाणा भरायची वेळ, तलावात पाणी लख्ख चमकतंय आणि पाटात थेंब नाही. सगळं पाणी मधल्या खड्ड्यात, तुडुमाच्या खाली. शेवटच्या बांध्यांतला धान पोचट राहिला. ग्रामसभेत लोक उसळले, की तलावात पाणी दिसतं, मग आमच्या वाट्याचं गेलं कुठं? सगळे माझ्याकडं पाहत होते.

मी म्हणाले, "पाण्याचं पाणकराले विचारा."

एवढंच. पण लोकांना तेवढं पुरलं. पाणकरानं पाणी आपल्या माणसांच्या बांधीत वळवलं, असं गावानं ठरवून टाकलं. भासरे तिथंच बसले होते. चारचौघांत भावाच्या बायकोशी वाद कसा घालणार? ते उठून निघून गेले, आणि त्यांच्या मागं पाणकरकीही गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारी मी.

तेव्हापासून ते तलावाकडं फिरकले नाहीत. पहाटेच पाळीवर जाणारा माणूस दिवसभर अंगणात खाटेवर बसून राहू लागला. मी त्यांच्यासमोरून पदर घेऊन मान खाली घालून जायची. ज्या पदराचा मला इतकी वर्षं राग होता तो आता मला फार सोयीचा झाला होता. लाज वाटते सांगायला, पण तसंच होतं.

तुडूम खाली बसवता येतो का हे विचारत मी तीन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एक म्हणाला, हा तलाव आमच्याकडं येत नाही. दुसरा म्हणाला, निधी वरून येतो, आमदारांना भेटा. तेव्हा डोक्यात किडा वळवळला, की आपणच आमदार झालो तर? तुडूम खाली घेऊ, पाणी शेवटच्या बांधीला जाईल, लोक मागचं विसरतील, आणि मला काही बोलावं लागणार नाही. एक चूक कबूल करायची टाळायला मी अख्खा मतदारसंघ पायाखाली घातला.

प्रचाराची शेवटची सभा आमच्याच गावात, समाजमंदिरासमोर होती. मी बोलायला उभी राहिले की भासरे एरवी उठून जात. त्या दिवशी का कोण जाणे, मागं ओट्याच्या टोकाला बसून राहिले. मी तलावावर आले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात शेवटच्या बांधीचा एक शेतकरी उभा राहिला. "तू सरपंच होतीस तवा आमाले पाणी काहून नाही भेटलं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "तिचा का दोष? पाणकरानं खाल्लं." लोक हसले. भासरे उठले, धोतर झटकलं आणि चालू लागले.

मला फक्त गप्प बसायचं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्यांची पाठ पाहिली आणि मी माइक जवळ ओढला.

"पाणकरानं नाही," मी म्हणाले. "तलाव मी तुडुमाच्या खाली खोदला. त्यायनं सांगितलं होतं, खोदू नका म्हणून. म्या ऐकलं नाही, आन् वरून दोष त्यायच्यावर टाकला."

नवऱ्यानं मान खाली घातली. भासरे थांबले, वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"मंग तवा काहून नाही बोलली?"

माझा हात सवयीनं पदराकडं गेला आणि तसाच खाली आला. "भेली होती," मी म्हणाले. "गावाले भेली होती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"आपल्या गावाले भेली," ते म्हणाले, "तं तिथं मुंबईले जाऊन का बोलशील?"

माइक सुरूच होता. सगळं गाव माझ्याकडं पाहत होतं.